टाक्यावरचं नाक

या, असे इकडे सावलीत या. पायऱ्या चढायची घाई करू नका. याशकाबचं हे मंदिर हजार वर्षं जागचं हललेलं नाही, घटकाभरात कुठं जायचं नाही. आधी खालूनच वर बघा. भिंतीवर ओळीनं जे चेहरे कोरलेत ते सगळे आमच्या पावसाच्या देवाचे, चाआकचे. वाटोळे डोळे, उघडा जबडा, आणि आकड्यासारखं वळून पुढे आलेलं लांब नाक. आता मधल्या दाराच्या बरोबर वरचा चेहरा बघा. सगळ्यांत मोठा तोच, आणि नेमकं त्यालाच नाक नाही.

कुणी तोडलं, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. कुणी समुद्रापलीकडून आलेल्या शिपायांवर आळ घेतो, कुणी चोरांवर. त्या बिचाऱ्यांनी दुसरी पापं पुष्कळ केली असतील, हे मात्र नाही. ते नाक तिथं कधी बसलंच नाही. ते इथं आहे, या टाक्याच्या तोंडाशी, तुमच्या पायाजवळ. हात लावून बघितलात तरी चालेल. माझं नाव आन्सेल्मो उक. मला ही हकिकत आजोबांनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजोबांनी. मी तशीच सांगतो. पदरचं मीठ घातलं तर चिमूटभरच घालेन.

आमच्या या मुलखात नदी नाही, ओढा नाही. खाली सगळा चुनखडीचा दगड, म्हणजे चाळणीच. पाऊस पडतो आणि पायाखालून निघून जातो. म्हणून जुन्या लोकांनी जमिनीत टाकी खोदली. तोंड अरुंद, पोट मोठं, सुरईसारखी. आतून चुन्याचा गिलावा, आणि वर हे फरसबंद अंगण, चारी बाजूंनी टाक्याच्या तोंडाकडे उतरतं केलेलं. अंगणात पडलेला थेंब टाक्यातच जायचा. अर्धं वर्ष पाऊस, अर्धं वर्ष कोरडं. कोरड्या दिवसांत सगळ्या वस्तीचा जीव या एका टाक्यात असायचा.

त्या वेळी इथं जो राजा होता त्याचं नाव कुणाच्या लक्षात नाही. पावसानं लागोपाठ ओढ दिली तेव्हा त्यानं चाआकला नवस केला, असं सांगतात. तुझं मंदिर बांधीन आणि ते पुरं होईल त्या वर्षी शेवटचा पाऊस पडायच्या आत मोठ्या चेहऱ्याला नाक बसवीन. पुजारी म्हणायचे, चाआक नाकानंच ढगांचा वास घेतो. नाक नाही तर ढग नाही.

हे काम तून नावाच्या गवंड्याकडे होतं. हात असा की दोन दगडांच्या फटीत गवताची काडी जायची नाही. पण दगड चुन्याशिवाय बसत नाही, आणि चुना भट्टीशिवाय होत नाही. एका भट्टीला अख्खं रान लागतं. भिंती होईपर्यंत जवळपासचं रान संपलं होतं. शेवटी चुन्याचा एकच ढीग उरला, नाक बसवून त्यावर गिलावा करण्यापुरता. तो देवाचा चुना म्हणून बाजूला झाकून ठेवला होता. राजा शेजारच्या राजांना सोहळ्याचं आमंत्रण द्यायला गेला होता.

तूनची बायको मुकुय. टाकं झाडायचं काम तिच्या माहेरचं, पिढ्यांपासूनचं. शेवटच्या पावसाआधी गाळ काढायला ती दोर धरून आत उतरली आणि तिला गिलाव्यात चीर दिसली, गळ्यापासून तळापर्यंत. ती वर आली आणि तशीच चिखलाच्या हातांनी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नाक राहू द्या," ती म्हणाली. "आधी टाकं बघा."

"तो देवाचा चुना आहे, मुकुय. माझं डोकं जाईल."

"देवाला नाक पुढच्या वर्षी लावता येईल. पोरांना पाणी पुढच्या वर्षी पाजता येईल का?"

तून उठून कामाला लागला. त्यानं चुकुमच्या झाडाची साल उकळली. त्या लाल पाण्यात चुना मळला की पाणी धरतो, आम्ही आजही तसाच करतो. आणि देवाचा सगळा चुना त्यानं टाक्याच्या पोटात लावला. पण हा गिलावा सावकाश वाळावा लागतो, घाई त्याला खपत नाही. तो ओलाच होता आणि शेवटचा पाऊस आला. असा आला की टाकं गळ्यापर्यंत भरलं. सगळी वस्ती अंगणात नाचली. तून तेवढा भिंतीला टेकून बसला होता. ओला चुना पाण्याखाली गेला की धरेल की सुटेल, हे कुठलाच गवंडी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

राजा परत आला तर नाक जमिनीवर आणि नवस मोडलेला. पुजाऱ्यांनी तूनचं डोकं मागितलं. तूननं जे केलं होतं ते सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. राजा काही राक्षस नव्हता, पण नवस त्याच्या मानेवर बसला होता. तो म्हणाला, "चाआकच्या नाकानंच निकाल होऊ दे."

घायपाताच्या दोरानं हे नाक टाक्यात सोडलं, टोक पाण्याला जेमतेम टेकेल इतकं. वर दगडी झाकण ठेवलं, मातीनं लिंपलं, त्यावर राजाची खूण उमटवली. पहारा बसवला. पुढच्या पौर्णिमेला उघडायचं, तोवर कुणी थेंब काढायचा नाही. टोक ओलं असलं तर गवंडी सुटला. कोरडं असलं तर टाकंही गेलं आणि गवंडीही.

तूनचं जेवण तुटलं. मुकुयनं एकदाच विचारलं, "धरेल का हो?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

एका दुपारी तिनं घरच्या रांजणातून तुंबाभर पाणी घेतलं आणि ती या अंगणात आली. झाकणाला हात लावायची बंदी होती. पण राजाच्या माणसांनी झाकण लिंपलं, अंगण कोण लिंपणार? झाकणाबाहेर, टाक्याच्या तोंडाच्या दगडात पाणी आत जायला भोकं आहेत, ती आजही आहेत, बघा. मुकुयनं जन्मभर हे अंगण झाडलं होतं. कुठल्याही कोपऱ्यात सांडलेलं पाणी कुठं जातं हे तिला सांगायला नको होतं. ती त्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली, ठेच लागल्यासारखं केलं आणि तुंबा कलंडू दिला.

तेव्हा तिला दिसलं की तिथली फरशी आधीच ओली आहे.

तिनं मान वर केली. कुंभारवाड्यातली एक म्हातारी रिकामा तुंबा शालीखाली धरून निघाली होती. दुसऱ्या कोपऱ्यात एक शेतकरी पाय धूत होता, आणि पाय तर स्वच्छच होते. पहारेकरी मंदिराकडे तोंड करून चाआकचे चेहरे मोजत बसला होता. सकाळपासून तेच मोजत होता म्हणे. त्याची सासुरवाडी याच वस्तीतली, असं आजोबा सांगायचे. मुकुय तिथंच खाली बसली आणि रडली. इतके दिवस तिला वाटत होतं की या संकटात आपण दोघंच आहोत.

कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जो तो आपल्याच रांजणातलं चोरून ओतत होता आणि घरी मक्याची पेज घट्ट करून खात होता. तहान सगळ्यांनाच लागत होती.

पौर्णिमेच्या सकाळी राजा आला, पुजारी आले, सगळी वस्ती आली. लिंपण फोडलं, झाकण सरकवलं. आत वाकून बघितलं तर नाक दिसेना. ते पुरतं बुडालं होतं, आणि दोरही हातभर पाण्यात होता. महिनाभर आभाळात ढग नव्हता आणि पाणी चढलं होतं.

पुजाऱ्यांनी चमत्कार म्हणून जमिनीला डोकं टेकलं. राजा मात्र अंगणाकडे बघत राहिला. धुळीत प्रत्येक कोपऱ्यातून टाक्याच्या तोंडापर्यंत पाण्याचे ओघळ वाळले होते. त्यानं ते बघितले, मग माणसांचे सुकलेले ओठ बघितले.

"खरं सांग," तो तूनला म्हणाला. "हे टाकं गळतं का?"

"माहीत नाही, महाराज. आता ते कळायचीही सोय राहिली नाही."

राजा हसला, असं सांगतात. हजार वर्षांत त्याची हीच एक गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली आहे. तो म्हणाला, "मग राहू दे. नाकही इथंच राहू दे. पाणी कुठं आहे ते चाआकला कळलंय, त्याला वर चढवून काय करायचं?"

दोर ओढून नाक वर काढलं, इथं ठेवलं, आणि तून मटकन त्यावरच बसला. मुकुयनं पहिला तुंबा काढून त्याच्या हातात दिला. तहानेनं त्याचा घसा सुकला होता. तरी आधी त्यानं निम्मं पाणी अंगणात ओतलं, आणि मग उरलेलं प्यायला.

नाकाच्या पाठीवर ही खाच दिसते ना, ती दोराची. आजही शेवटच्या पावसानंतरच्या पौर्णिमेला गावातलं प्रत्येक घर इथं पाणी घेऊन येतं. आता घराघरांत नळ आहेत, तरी येतं. आणि आजही या अंगणात आधी ओतल्याशिवाय कुणी पीत नाही. तुमच्या बाटल्या आहेतच. कुठल्याही कोपऱ्यात घोटभर ओता, जायचं तिथं ते जाईल. टाकं गळतं का, हे मला विचारू नका. ते बघायचं तर एकदा रिकामं व्हायला हवं, आणि तेवढं ते अजून कुणी होऊ दिलेलं नाही.