पोशाबाय आणि कोळंबीच्या शेडचं दार

फार वर्षांपूर्वी, खडपे बंदरावर बर्फ नवा नवा आला होता, तेव्हाची गोष्ट. एका शेटने किनाऱ्यावर शेड बांधली आणि कोळंबी सोलायला गावच्या बायका लावल्या. बर्फातली कोळंबी सोलून बोटांची सालं निघायची. घरी जाऊन बायका तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायच्या आणि सकाळी पुन्हा हजर.

तेवढं सोसलंही असतं. पण शेट बाहेरून कडी घालायचा. म्हणे गारवा जातो, म्हणे बायका कोळंबी चोरतात. अंगावर पिणारी पोरं बाहेर, होड्यांना बांधलेल्या झोळ्यांत. ती टाहो फोडायची आणि आत आयांची लुगडी दुधाने भिजायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कडी निघायची नाही. असल्याला माणूस तरी कसं म्हणावं?

त्या बायकांत पोशाबाय होती. आधीची दोन पोरं गेलेली, हे तिसरं, आणि तेही तापाने फणफणलेलं. आज घरी राहते म्हणाली, तर शेट म्हणाला, मग उद्याही येऊ नको. काय करील बिचारी? आली.

पोर रडत होतं तोवर तिचे हात चालले. मग रडणं थांबलं. तिने दार बडवलं.

"झोपलं असेल गो," शेट बाहेरून म्हणाला. "हात चालव, माल कुजेल."

"कुजू दे," पोशाबाय म्हणाली. "मालाला आई नाही. माझ्या पोराला आहे."

तिने हातातली कोळंबी खाली टाकली. शेजारणीने टाकली, मग सगळ्यांनीच. शेट हसत राहिला.

असं म्हणतात, पोशाबायला असा पान्हा फुटला की दूध बर्फावर पडलं आणि बर्फाचा डोंगर वितळला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आणि कडीकोयंड्यासकट दार उखडून समुद्रात गेलं. पोशाबाय धावली. पोर निपचित पडलेलं. तिने छातीशी धरलं, तसं ते चुळबुळलं आणि ओढू लागलं.

असं म्हणतात, शेट होडी घेऊन दार शोधायला गेला, तो परत आलाच नाही. कोणी वाटही पाहिली नाही.

आजही खडप्यात कोळंबीच्या शेडला दार बसवत नाहीत. नवा मालक कुरकुरला, तर बायका सांगतात, दार पाहिजे तर तूच सोलायला बस. आणि बाहेर कोणाचंही पोर रडलं की सगळ्यांचे हात थांबतात. कोणीतरी हाक देते, "पोशाबाय, ऊठ." जिचं असेल ती उठते. ती परत येईपर्यंत एकही कोळंबी सोलली जात नाही.