सैल पिळाची नळी

फार मागे, शिकलगारांच्या दस्तगीरच्या बंदुकांच्या कारखान्यात रायफलीची एक नळी खुंटीला टांगलेली होती. तिच्या आत कोरलेल्या, गोळीला गरगर फिरवणाऱ्या खाचांचा पीळ सैल होता. आखूड गोळीला तेवढा पुरतो, पण लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. नाहीतर ती हवेत डगमगते. त्या काळी सगळे नेमबाज लांब गोळ्याच वापरत. शेजारच्या नळ्या एकेक करून विकल्या गेल्या आणि ही नऊ वर्षं एकटीच राहिली.

एकदा स्पर्धेला निघालेल्या एका लांब गोळीने तिला विचारलं, "मावशी, तीनशे मीटर जायचंय. तुमचा पीळ मला पुरेल का?"

नळीला खरं ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. "पुरेल की गं," ती म्हणाली. "न पुरायला काय झालं?"

स्पर्धेत ती गोळी अर्ध्या वाटेतच कोलमडली आणि लक्ष्याच्या बाजूला मातीत जाऊन पडली. दस्तगीरने नळी पुन्हा खुंटीला अडकवली.

पुढच्या वर्षी दुसरी लांब गोळी आली. तिनेही तेच विचारलं.

"नाही पुरणार," नळी म्हणाली. "पलीकडे घट्ट पिळाची नवी आली आहे, तिच्याकडे जा."

"मग तुमच्याकडे कोण येतं?"

"अजून कुणी नाही."

गोळी निघाली. तेव्हा नळी हळूच म्हणाली, "घाई नसेल तर जरा बसतेस का?"

गोळी बसली.