आज्ञा मोडली तेव्हा

वसईच्या एका कॉलेजात संगणक शिकवायची नोकरी फिलोमिना तुस्कानोला हवीच होती. मुलाखतीत तिच्या गळ्यातला क्रूस पाहून विभागप्रमुख रांगणेकरांना चेव आला.

"देव म्हणाला 'प्रकाश होवो', आणि झाला. माझीही आज्ञा संगणक निमूट पाळतो. देवाच्या माणसांनी मात्र पहिल्याच बागेत मना केलेलं फळ खाऊन त्याची आज्ञा मोडली. मग सरस निर्माता कोण?"

नोकरी हवी होती, पण फिलोमिनाला गप्प बसवेना.

"सर, तुमचा प्रोग्रॅम ऐकेनासा झाला तर?"

"पुसून टाकतो!"

"देवानं आदाम-हव्वेला बागेबाहेर काढलं खरं, पण आधी स्वतः वस्त्रं करून त्यांच्या अंगावर घातली."

रांगणेकरांनी तिचा अर्ज पुढे ओढून त्यावर सही केली. मग हळूच म्हणाले, "सोमवारपासून या, बाई. आमच्याकडे न ऐकणारी मुलं पुष्कळ आहेत."