भिवाशेटचं नवं शीड

जेवणावरून उठवलंत मला, आता ऐका नि गप्प घरी जा.

आमच्या खाडीत भिवाशेटचा मचवा होता, तो धाकू तांडेल हाकायचा. शिडाच्या चिंध्या झालेल्या. शेट दर शिमग्याला म्हणायचा, "धाकू, नवं शीड देतो, माझा शब्द आहे!" शीड काही येत नव्हतं, आणि जोराच्या वाऱ्यात आम्हा खलाशांचा जीव टांगणीला.

एकदा शेटच्या लेकीचा साखरपुडा पलीकडच्या गावी ठरला. शेट जरीची टोपी घालून मचव्यात बसला. धाकूने जुनं शीड सोडून खाली ठेवलं नि रिकाम्या डोलकाठीकडे बघत बसला.

"अरे, मुहूर्त टळेल! शीड चढव!"

"चढवलंय की शेट. तुम्ही दिलेला शब्दच चढवलाय. त्यात वारा भरला की निघू."

सगळे खो खो हसले. शेटने टोपी काढली, वल्हं धरलं, आमच्याबरोबर घाम गाळत पलीकडे पोचला आणि येताना तिथल्या पेठेतून नवं शीड घेऊनच आला. मग काय, शेटने हाक मारायच्या आत धाकू मचवा पाण्यात लोटायचा.

पण जुन्या शिडाला ठिगळं मी लावायचो. त्याला गावभर गोधडी म्हणत फिरला, आणि माझी माफी अजून मागितली नाही, तोही हाच धाकू.