दुहेरी भिंत

"भिंती मनासारख्या होईपर्यंत ती राहील ना, बाबा?"

जोतिरामनं हे विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात स्क्रू होते. माणूस बायकोच्या जिवाचं विचारतोय, आणि तोंडातले स्क्रू काही काढत नाही. मला तिथंच चीड आली.

कासमबाबा प्लायवुडच्या ढिगावर बसले होते.

हे कासमबाबा म्हणजे नदीकाठच्या तकियात, म्हणजे आपल्या मठीत, राहणारे फकीर. आमच्या पेठेतले निम्मे लोक त्यांना मानतात, जोतिराम तर गुरूच म्हणतो. ते सहसा कुणाच्या घरी जात नाहीत. पण शालनवहिनींना डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हणून परत पाठवलं, आणि जोतिराम तकियात जाऊन त्यांचे पाय धरून बसला. म्हणून आले.

मी बापू, शेजारी. आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्यामुळं त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू येतं, नको असलं तरी.

जोतिरामची उभी हयात बसच्या बॉड्या बांधण्यात गेली. हात चांगला, आणि घमेंडही तेवढीच. त्यानं बांधलेल्या गाड्या रोज रत्नागिरीला जायच्या. शालनवहिनींनी मात्र जन्मात समुद्र पाहिला नाही. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा कुठं यानं मनावर घेतलं. शालनला समुद्र दाखवायचा. आणि तोही स्वतःच्या हातानं बांधलेल्या गाडीतून. जीपच्या मागं ओढायची, दोन चाकांवरची एक खोलीच म्हणा ना. आत पलंग, वर छप्पर.

तेव्हापासून हा अंगणातच. दिवस उजाडला की ठोकाठोक सुरू.

"सांगा की, बाबा. राहील ना?"

"भिंती दाखव," बाबा म्हणाले.

झालं! जोतिरामचा चेहरा खुलला. तोंडातले स्क्रू खिशात गेले.

"हा बघा सांगाडा. सागाच्या पट्ट्या उभ्या, मधे आडव्या. एकही सांधा नुसत्या खिळ्यावर नाही, खाच पाडून बसवलाय. बाहेरनं पत्रा, आतनं प्लाय, आणि मधल्या पोकळीत थर्माकोल ठासून भरलाय. दुहेरी भिंत, बाबा. बसगाडीलासुद्धा मी असली भिंत कधी बांधली नाही."

"दुहेरी कशाला?"

"तिला आवाज सोसत नाही. भांडं पडलं तरी दचकते. आणि घाटात ट्रकवाले हॉर्न मारत सुटतात. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही पाहिजे. विचारा या बापूला! परवा मी आत बसलो आणि याला बाहेर थाळी बडवायला लावली. मला पत्ता नाही!"

बडवली होती खरी. सगळी गल्ली दारात गोळा झाली, आणि हा पठ्ठ्या आत खूश.

"म्हणजे झालंच की काम," बाबा म्हणाले.

"छे! ही डावी भिंत सूतभर कललीय. दिसत नाही तुम्हाला, पण मला दिसते. उकलून परत बसवणार."

बाबांनी भिंतीवर हात ठेवला.

"समुद्र किती लांब आहे रे?"

"कुठला लांब! सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला तिथं."

"आणि ही भिंत?"

"ही... पंधरा दिवस. फार तर महिना."

बाबांनी भिंतीवरचा हात काढला.

एरवी मी बोललो असतो. कितीदा सांगितलंय त्याला, अरे भाड्याची गाडी कर, मी येतो बरोबर, दोघं मिळून वहिनींना उचलू. तर म्हणतो, भाड्याच्या गाडीत तिची हाडं खिळखिळी होतील, तुला त्यातलं काही कळत नाही बापू. आता यावर काय बोलायचं?

"आत जा," बाबा म्हणाले. "दार ओढून घे. मी उघडेपर्यंत बाहेर येऊ नकोस."

"थाळी वाजवणार?"

"जा."

जोतिराम हसत गाडीत शिरला. दार घट्ट बसलं.

आम्ही दोघं अंगणात बसून राहिलो. बाबा काही वाजवेनात.

मग घरातून घंटा वाजली.

देवघरातली लहानशी पितळी घंटा ती. वाचा गेल्यावर जोतिरामनंच वहिनींच्या डाव्या हाताशी आणून ठेवली होती, बोलवायला. मला ती रोज ऐकू येते. आधी जोरात वाजते, मग दमल्यासारखी. माझी बायको जाऊन बघून येते. गाडीचं दार उघडं असलं तर जोतिराम आतूनच ओरडतो, 'आलोच!' लावलेलं असलं तर तेवढंही नाही.

मी उठलो. बाबांनी हात धरून मला खाली बसवलं आणि स्वतः घरात गेले.

घंटा थांबली. जरा वेळानं पुन्हा वाजली. पुन्हा थांबली... मला त्या गाडीच्या बंद दाराकडं बघवेना.

बाबा बाहेर आले. हातात पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि गाडीचं दार उघडलं.

जोतिराम घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काही नाही ऐकू आलं! आईशप्पथ, काही नाही! काय वाजवलं, बाबा?"

"मी काही वाजवलं नाही."

"मग?"

बाबांनी घराकडं पाहिलं...

जोतिरामचं हसू हळूहळू मावळलं.

"शालननं? घंटा वाजवली?"

"हं."

"पाणी पाहिजे असेल. या वेळेला तिला लागतं पाणी."

"दिलं मी. तोंड फिरवलं तिनं."

"मग गोळी..."

"माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. दारात कोणी नव्हतं. मग परत वाजवली."

जोतिराम मटकन पायरीवर बसला. बराच वेळ हाताला चिकटलेले थर्माकोलचे कण काढत राहिला...

"तिच्यासाठीच चाललंय हो हे सगळं," तो म्हणाला. "पण तिथं बसवत नाही मला, बाबा. ती नुसती बघत राहते. बोलत नाही, रडत नाही, बघत राहते. मला भीती वाटते. इथं निदान हाताला काम असतं."

एवढ्या महिन्यांत हे तो पहिल्यांदाच बोलला. माझी मघाची चीड कुठल्या कुठं गेली. म्हातारपणी माणसाला असं घाबरलेलं बघणं फार वाईट.

बाबांनी पायरीवरचा तांब्या उचलला.

एकाएकी जोतिराम उठून गाडीत शिरला. कोपऱ्यातली कटावणी उचलली आणि डाव्या भिंतीच्या सांध्यात घातली.

"नकोच ही भिंत! आग लागो हिला! सगळा प्लाय उपटतो, सगळा थर्माकोल फेकतो. नुसता सांगाडा ठेवतो आणि वर ताडपत्री टाकतो. तिची घंटा मला ऐकू आली पाहिजे, बाबा!"

कर्रकन आवाज झाला. पहिला प्लाय निघाला. थर्माकोलचा चुरा उघड्या दारातून अंगणभर उडाला, बाबांच्या दाढीवर बसला, तांब्यातल्या पाण्यात पडला.

मला वाटलं, सुटला एकदाचा. शाब्बास रे, असं म्हणणारच होतो.

तेवढ्यात घंटा वाजली.

हळूच वाजली, पण अंगणात आम्हा तिघांनाही ऐकू आली.

"आलोच!" जोतिराम ओरडला, आणि कटावणी पुढच्या सांध्यात घातली. "आलोच, शालन! एवढा एक काढतो, की आलोच!"

बाबांनी तांब्यातलं पाणी मातीत ओतलं. रिकामा तांब्या दारातून त्याच्यापुढं धरला.

"जोतिराम," ते म्हणाले, "पाडून होईपर्यंत राहील ना ती?"