झिपरूच्या बायकोचं नाव

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे नवरदेव अजून व्हायचा होता, भोळा मात्र जन्मापासूनचा होता. गावाचं नाव पिंपळखुटे, याचं नाव झिपरू. अंगाने धडधाकट, मनाने निर्मळ, आणि सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करणारा. सगळा घोळ तिथेच होता.

त्याची आई भागाबाई. तिला एकच ध्यास, घरात सून यावी. तिला मुलगी नव्हती. झाली असती तर तिचं नाव ती वैदेही ठेवणार होती. आता ते नाव तिने सुनेसाठी राखून ठेवलं होतं, ठेवणीतल्या लुगड्यासारखं. पण झिपरूला पोरगी देणार कोण? तीन सोयरिकी आल्या आणि झिपरूने तोंड उघडताच आल्या पावली परत गेल्या.

चौथी आली वऱ्हाडातून. भागाबाई म्हणाली, "झिपरू, पाहुणे यायच्या आत चार शहाणपणाच्या गोष्टी शीक. देवळात नीलकंठबुवा पोथी सांगतात, तिथे जाऊन बस. बुवा सांगतील ते ध्यानात ठेव आणि तसंच वाग."

झिपरू जाऊन बसला. पहिल्या रांगेत.

बुवा सांगत होते, "पूर्वी बाईला माहेरच्या देशावरून हाक मारत. गांधार देशाची ती गांधारी. पांचालांची पांचाली. केकयांची कैकेयी. विदेहाची वैदेही. केवढा मान तो!"

झिपरूने ध्यानात ठेवलं.

सकाळी तो आडावर गेला. तिथे बायका पाणी शेंदत होत्या. "राम राम, भुसावळी! कशी आहेस, रावेरी?" बायका फिदीफिदी हसल्या. मग आली तुळसाकाकू. तिचं माहेर गाढवखेडे.

"या, गाढवी," झिपरू दोन्ही हात जोडून म्हणाला.

काकूची कळशी भरलेली होती. ती झिपरूच्या डोक्यावर रिकामी झाली.

झिपरू तसाच निथळत बुवांकडे गेला. "बुवा, मान दिला आणि अंघोळ झाली."

बुवांनी कपाळाला हात लावला. "अरे, ती जुन्या काळची गोष्ट! ते देश तरी आता कुठे त्या नावाने राहिलेत? गांधार म्हणजे आता कंदाहार. अंग देश म्हणजे भागलपूर. विदेह म्हणजे दरभंगा. जुनं नाव धरून बसलास तर कुणी वाटसुद्धा दाखवणार नाही. जुनं नाव निघालं की आजचं सांगावं."

"जुनं निघालं की आजचं," झिपरू म्हणाला. घरी जाईपर्यंत म्हणत होता.

दोन दिवसांनी पाहुणे आले. मुलगी गोकर्णा, हिचे वडील अजाबराव आणि भाऊ प्रल्हाद. मुलगी घरीच होती, हे दोघे मुलगा बघायला आले होते. त्यांची दमणी, छपराची बैलगाडी, वेशीपाशी थांबली. तिथे नवी टोपी घालून झिपरूच उभा होता.

"काहो, हे पिंपळखुटं व्हय नं?" अजाबरावांनी विचारलं.

"ते जुनं नाव झालं."

"मंग आता काय म्हन्तेत?"

झिपरूने विचार केला. पिंपळ तर तीन वर्षांपूर्वी वादळात पडला. त्या जागी आता गवळ्याची म्हैस बांधतात.

"म्हैसखुटे," तो म्हणाला.

"अन् पिंपळखुटं कुठी हाये?"

"ते आता कुठेच नाही, काका."

पाहुण्यांनी बैल वळवले. भर उन्हात चार गावं पालथी घातली. जो तो त्यांना परत म्हैसखुट्याकडेच पाठवी. इकडे भागाबाई पुरणपोळ्या झाकून दारात उभी. दिवस कलला तेव्हा दमणी पुन्हा वेशीत आली आणि सगळा उलगडा झाला. चौथीही गेली, असं म्हणून भागाबाईने डोळ्याला पदर लावला.

पण अजाबरावांनी पडलेल्या पिंपळाचा बुंधा पाहिला. म्हैसही पाहिली. मग ते पोट धरून हसले. "पोट्टा खोटं नाही बोलला, विहीणबाई! पिंपळ खरंच पडेल हाये. थापा मारनारे दोन जवाई हायेत मले. हा एक खरं बोलनारा असू द्या."

लग्न ठरलं. भागाबाई वऱ्हाडात जाऊन गोकर्णाला बघून आली. झिपरूला कुणी नेलं नाही. तो तिथे काय बोलेल याचा नेम नव्हता.

बुवांनी मात्र झिपरूला चांगलंच फैलावर घेतलं. "अरे शहाण्या, पुराणातलं नाव निघालं तर आजचं सांगायचं! फक्त पुराणातलं! आपलं पिंपळखुटं पुराणात आहे का?"

"नाही."

"मग? आणि ऐक, लग्नाला वऱ्हाडात चाललास. म्हणजे विदर्भात. रुक्मिणीचं माहेर ते! नाव बदललं तरी मुलूख तोच. तिथली रीत पाळ, बाबा."

झिपरूने मान डोलावली. विदर्भाची रीत त्याने पोथीत ऐकली होती. मुलगी देवीची पूजा करून देवळाबाहेर येते. नवरा तिला रथात घालतो. आणि रथ पळवतो.

लग्नाच्या सकाळी बिऱ्हाडात धांदल चालली होती. झिपरूने गुपचूप दमणी जुंपली आणि गावच्या देवीच्या देवळामागे नेऊन उभी केली. थोड्या वेळाने एक बाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. कोरं लुगडं, हातभर हिरवा चुडा, डोक्यावरून पदर. झिपरूने तिला उचललं, गाडीत बसवलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

"आगं माय! कोन हाये रे तू?"

"नवरदेव," झिपरू मागे न बघता म्हणाला. "रीत पाळतोय."

बाई पदराआड हसायला लागली. ओढा आला तरी हसतच होती. तेवढ्यात मागून प्रल्हाद घोड्यावर बोंबलत आला. "थांब! थांब! माह्या आईले कुठी नेतं?"

झिपरूने मागे वळून पाहिलं. "आई?"

"मी सासू हावो तुमची," बाई डोळे पुसत म्हणाली. "पोरगी घरी गौरीहराले बसली हाये. देवीची वटी भराले मी आल्ती."

प्रल्हादने बाह्या सरसावल्या. लग्न मोडलंच होतं. पण सासूबाईंनी हात वर केला. "खबरदार, पल्ल्याद! तुह्या बापानं लग्नात माह्याकडे मान वर करून पायलं नाही. पंचवीस वर्सानं मले कोनी रथात बसवलं. गाडी फिरवा, जवाईबापू. पोरगी याच घरी जाईन."

सकाळचा मुहूर्त टळला होता. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. सासूबाई अक्षता टाकतानाही हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी वरात पिंपळखुट्याला आली. घरात लक्ष्मीपूजन मांडलं. बुवा पूजा सांगायला बसले, आळी गोळा झाली. ताटात तांदूळ पसरले, सुनेचं नवं नाव लिहायला. भागाबाईने झिपरूच्या हातात अंगठी दिली.

"वैदेही लिही, बाळा," ती हळूच म्हणाली. "जन्मभर जपलंय रे ते नाव. एवढं एक नीट कर."

झिपरूने अंगठी तांदळावर टेकवली आणि थांबला.

वैदेही. हे पिंपळखुट्यासारखं नव्हे. हे तर पक्कं पुराणातलं! कळशी आठवली. बुवांची बोलणी आठवली. या खेपेला चूक करायची नाही. आईसाठी तरी नाही. जीभ दाताखाली धरून त्याने सावकाश, ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं.

बुवांनी ताटात डोकावून पाहिलं आणि उपरणं तोंडावर ओढून घेतलं.

नवरीनेही वाकून वाचलं. "दरभंगा," ती म्हणाली. "हे कोन?"

"तूच," झिपरू म्हणाला. "आजची."

भागाबाईला रडू फुटलं. ताट हलवून दुसरं नाव लिहा, असं चारजणी म्हणाल्या. पण ती म्हणाली, लक्ष्मीसमोर लिहिलेलं पुसायचं नाही. मग तिने सुनेकडे पाहिलं. सून हसू दाबून लालबुंद झाली होती. भागाबाईलाही हसू आवरेना.

दारात पाहुण्यांची दुसरी पंगत बसली होती. भागाबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि भरल्या घरात पहिली हाक दिली,

"अगं दरभंगे, पाणी आण!"