आवडायची काठी

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा खारवेळच्या खाडीवर पूल नव्हता आणि देवळावर कौलं नव्हती, गवत होतं. त्या गावात आवडी नावाची एक बाई गळानं मासे गरवायच्या काठ्या करायची. लहानथोर सगळे तिला आवडाय म्हणायचे. बुरूड बापाकडून ती हे काम शिकली होती. नवरा गेल्यावर घरच्या पडवीत बसून तिनं त्याच कामावर सगुणी ही एकुलती लेक वाढवली.

चिवारी बांबूची बारीक, भरीव काठी ती पौषात तोडायची. तुसाच्या निखाऱ्यावर शेकून सरळ करायची, खोबरेल पाजायची आणि चार महिने चुलीवरच्या माळ्यावर धूर खायला ठेवायची. असं म्हणतात, तिच्या हातची काठी कधी मोडली नाही. पण हे आवडायला कुणी पटवून देऊ शकलं नाही. काठी दिली की तिचा जीव तिच्याबरोबर जायचा. गिऱ्हाईक वाटेत भेटलं की विचारायची, "बरी आहे ना रे? करकरत नाही ना?" लोक हसायचे. ते हसले की तिला वाटायचं, हे काहीतरी लपवतायत.

एका कार्तिकी अमावास्येला मोठी ओहोटी लागली. सगुणी आणि आणखी चौघी जणी कालवं काढायला म्हैसखडकावर गेल्या. हा खडक गावाच्या टोकापासून वीस वाव, म्हणजे शंभर-सव्वाशे फूट आत. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं, भरल्या भरतीला तो पार बुडतो. बायका कोयतीनं शिंपले फोडत बसल्या होत्या, तेवढ्यात दक्षिणेचा वारा सुटला. आभाळ काळं झालं आणि पाणी वेळेआधीच चढायला लागलं. बघता बघता मधली वाट बुडाली.

सगळा गाव टोकावर धावला. धोंडू तांडेलानं होडी घातली, तर पहिल्याच लाटेनं ती कातळावर आपटून फोडली. तो कसाबसा बाहेर आला, कपाळातून रक्त गळत होतं. तसाच तो आवडायपुढं उभा राहिला.

"आवडाय, शिसं लावलेली बारीक दोरी पलीकडं पडली, तर तिच्यामागनं जाड दोर नेता येईल. या वाऱ्यात हातानं फेकून जायची नाही. काठीनंच जाईल."

"एवढी लांब काठी नाही माझ्याकडं."

"तीन जोड."

"ओला सांधा धरत नाही रे! आठ दिवस सुकावा लागतो."

"आठ दिवस खडक वर राहायचा नाही," धोंडू म्हणाला.

ती घरी धावली. माळ्यावरच्या तीन काठ्या घेऊन आली. सांधे बांधायला बसली, पण मनासारखं होईना. तीनदा बांधलं, तीनदा सोडलं. शेवटी धोंडूनं तिच्या हातातला दोरा काढून घेतला आणि गाठ मारली.

आवडाय उभी राहिली. काठी इतकी वाकली, की तिचं टोक मागं जमिनीला टेकलं. असं म्हणतात, तेवढ्या घटकेला वाऱ्यानंही श्वास धरला. शिसं उडालं आणि खडकावर पडलं.

बायकांनी बारीक दोरीनं काथ्याचा दोर ओढून घेतला. एकीनं तो कमरेला बांधून उडी टाकली, गड्यांनी तिला ओढून काढलं. बारीक दोरीचं टोक खडकावरच होतं, त्यानं उरलेल्यांनी दोर परत ओढला. सगुणी म्हणाली, "पोरंबाळं असलेल्यांनी आधी जा." दुसरी आली. तिसरी आली. चौथी पाण्यात असताना बारीक दोरी कालवांच्या धारेवर घासली आणि तुटली.

चौथी वाचली. खडकावर सगुणी एकटी उरली. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं.

दुसरी दोरी बांधली. आवडायनं काठी उचलली आणि तिला दिसलं, की खालचा सांधा उभा चिरला होता. तिनं डावी मूठ त्या चिरेवर आवळली.

"धोंडू, बांध. माझ्या हातासकट बांध."

"हात जाईल गो!"

"बांध म्हणते ना!"

त्यानं डोळे मिटून दोरा गुंडाळला. तिनं फेक केली. कडकन आवाज झाला. तो बांबूचा होता की हाडांचा, ते आजवर कुणाला सांगता आलं नाही. दोरी गेली, पण पाण्याच्या उडत्या तुषारांत सगुणीला ती दिसेना. ती भलतीकडंच हात मारत होती.

"सगुणेऽऽ! डाव्या हाताला! डाव्या हाताला बघ गो बाय!"

असं म्हणतात, ती हाक खाडीपलीकडच्या तीन गावांत ऐकू गेली आणि दावणीची गुरं उठून उभी राहिली. सगुणीनं डावीकडं हात घातला. दोरी लागली. मागनं दोर आला. तो कमरेला आवळते न आवळते तोच लाट आली आणि खडक दिसेनासा झाला.

गडी ओढायला लागले. आधी दोर जड आला. मग एकदम हलका झाला. इतका हलका, की ओढणारे एकमेकांकडं बघेनात. आवडाय हाका मारतच राहिली. फेसात काळे केस दिसले, मग एक हात. सगुणीला उलटं धरून पाणी काढलं. ती खोकली, आणि मगच आवडाय खाली बसली.

तिची दोन बोटं कायमची गेली. काठ्या पुढं सगुणी करू लागली. पण बायका कालवांना निघाल्या की आवडाय टोकावर जाऊन बसायची. पाणी फिरून भरती लागली की एकेकीला नावानं हाक मारायची, आणि ओ आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायची नाही. मरेपर्यंत तिनं हे केलं.

खारवेळात अजून तसंच करतात. बायका म्हैसखडकावर गेल्या की एकजण टोकावर राहते आणि पाणी फिरताच नावं घेते. घरी कितीही घाई असो, हे चुकत नाही. सगळ्या परत निघाल्या की ती शेवटची हाक मारते, "आवडाय गोऽऽ!" आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या सगळ्याजणी, पाण्यातून चालता चालता, एका आवाजात ओ देतात.